कंबर साडेतीन इंच कमी, भूक दुप्पट

माझ्याकडे लोकांच्या मापांच्या अकरा वह्या आहेत. बावीस वर्षं शिवणकाम करतेय, एकही वही टाकलेली नाही. छाती, कंबर, सीट, मुंढा, बाही, उंची. कोण सुटलं, कोण उतरलं हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं, कारण घरचे रोज बघतात आणि रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. मला माणूस दिसतो सहा महिन्यांतून एकदा, तोही टेपच्या आत.

या अकरा वह्यांत माझं स्वतःचं माप मात्र कुठेच नाही. स्वतःचा ड्रेस शिवायचा तर जुना ड्रेस कापडावर पसरायचा, खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. स्वतःसाठी टेप कोण काढतं?

तर असाच एक ड्रेस शिवला आणि तो कंबरेत ढगळ झाला. वाटलं, कापताना हात चुकला. दाबून घेतला. दीडेक महिन्याने पुन्हा ढगळ, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा उलटा करून मशीनवर घेतला तेव्हा आत एकाशेजारी एक दोन टिपा होत्या आणि मी तिसरी मारायला निघाले होते. तिसरी मारली, आणि मग कुठे टेप कंबरेला लावली. 28.5. जुना ड्रेस मोजला, तो 32. वजनकाट्यावर 53 आलं. सात महिन्यांपूर्वी काहीतरी किरकोळ दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेले होते, तेव्हाच्या कागदावर 61 लिहिलेलं होतं.

आठ किलो. आणि या सात महिन्यांत मी जन्मात जेवले नसेन इतकी जेवले होते.

हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. दोन वेळच्या जेवणाने माझं भागत नव्हतं. ताट पुन्हा भरून घ्यायची आणि सगळ्यांचं उरकल्यावर ओट्यापाशी उभ्याने आणखी काहीतरी तोंडात टाकायची. रात्री दोन-अडीचला भुकेने जाग यायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुझ्या अंगाला कसं काही लागत नाही गं!" बोलण्यात कौतुक होतं, थोडा हेवाही होता. गिऱ्हाइकं विचारायची, काय करतेस, आम्हाला पण सांग. आणि मी खोटं का बोलू, मला बरं वाटायचं. बेचाळिसाव्या वर्षी कुणी "काय बारीक झालीस!" म्हटलं तर डॉक्टरकडे धाव घेणारी बाई मला तरी माहीत नाही.

फसगत नेमकी इथे होते. वजन उतरलं आणि जेवणही गेलं, तर घरातली चार माणसं मागे लागतात. जेवण जोरात असेल तर कुणालाच काही वाटत नाही. भूक चांगली म्हणजे तब्येत चांगली, हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की काट्यावरचा आकडा समोर असून दिसत नाही.

नंतर एकदा कागदावर हिशोब मांडला. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठ किलो सगळी चरबीच होती असं धरलं, तर सात महिने रोज तीनशेच्या आसपास कॅलरी माझ्या आवकेपेक्षा जास्त जळत होत्या. (सगळी चरबी नव्हतीच, त्याचं पुढे सांगते.) आणि ती आवकही नेहमीपेक्षा किती तरी वाढलेली. मग हे सगळं जात कुठे होतं? मी तर मशीनसमोर बसून होते.

वजनाशिवाय इतरही बरंच काही चाललं होतं, पण प्रत्येकाला माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं. उकडतंय, म्हणजे चाळिशीनंतरचे बायकांचे त्रास. केस गळतात, म्हणजे पाणी खराब. दिवसातून तीन-तीनदा पोट साफ होतंय, म्हणजे खाणं वाढलंय. पाळी जेमतेम दीड दिवसाची, बरंच झालं. जिना चढताना मांड्या भरून येतात, खाली बसून कापड कापलं की उठताना टेबल धरावं लागतं, म्हणजे वय. छातीत धडधडतं, म्हणजे दिलेल्या तारखेला कपडे झालेले नाहीत.

एका गोष्टीला मात्र कारण सापडेना. सुईत दोरा ओवला जात नव्हता. दहा नंबरची सुई मी टीव्ही बघत ओवते, असा माझा तोरा. आता दोऱ्याचं टोक नाकापाशी यायचं आणि नाचायचं. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून चष्मा बदलून आणला. नव्या चष्म्यातून थरथर आणखी स्वच्छ दिसायला लागली, एवढाच फरक.

पहिल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, टेन्शन घेता तुम्ही. टॉनिक दिलं, झोपेची गोळी दिली. त्यांना दोष देत बसत नाही, कारण मीही त्यांना अर्धंच सांगितलं होतं. "थकवा वाटतो, झोप नाही" एवढंच. वजनाचं बोललेच नाही, कारण ती मला तक्रार वाटतच नव्हती.

दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले तेव्हा तिन्ही टिपांचा ड्रेस पिशवीत घालून नेला होता. हसायला येईल, पण त्या ड्रेसने काम केलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "किती महिन्यांत?" मग एकच प्रश्न, "जेवण कमी झालंय की वाढलंय?" वाढलंय म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मला दोन्ही हात समोर ताठ करायला लावले, बोटं फाकवून, आणि त्यावर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता.

नाडी बसल्या जागी 112.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. सहा ते बारा महिन्यांत, मनात नसताना, आपल्या वजनाच्या 5 टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरलं तर ते तपासायचं. माझ्यासाठी 5 टक्के म्हणजे तीन किलो, म्हणजे ही रेघ मी केव्हाच ओलांडली होती. असं वजन उतरण्याची कारणं ढीगभर आहेत आणि त्यांत काही वाईटही आहेत, पण बहुतेकांत भूक मेलेली असते. खाणं नीट चालू असताना, उलट वाढलेलं असताना वजन उतरत असेल, तर यादी बरीच आखूड होते. खाल्लेलं एकतर जास्त जळतंय, नाहीतर अंगी लागण्याआधीच बाहेर पडतंय.

माझ्या बाबतीत जळत होतं. टीएसएच, म्हणजे मेंदूकडून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला येणारा कामाचा हुकूम, 0.01 पेक्षा कमी आला, जो साधारण 0.4 ते 4 च्या दरम्यान असावा लागतो. टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन, वर गेलेलं. ते जास्त झालं की हुकूम थांबतो. पुढच्या तपासणीत कारणही कळलं. शरीराने स्वतःच अशी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार केली होती, जी थायरॉइड ग्रंथीला सारखी ढोसत राहतात, चल, कर काम, कर काम. ग्रेव्हज डिसीज म्हणतात याला. रॉबर्ट ग्रेव्हज या आयरिश डॉक्टरांनी 1835 मध्ये याचं वर्णन लिहिलं, म्हणून ते नाव. पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो.

थायरॉइड म्हटलं की आपल्याला फक्त वजन वाढवणारा थायरॉइड माहीत. माझ्या नणंदेचं पहिलं वाक्य तेच, "छे, थायरॉइडमध्ये माणूस जाड होतो, तू तर काडी झालीस." ग्रंथी सुस्तावली तर वजन वाढतं. ती उधळली तर अख्खं शरीर पायमशीनला मोटर बसवून पूर्ण दाबल्यासारखं चालतं. बसल्या जागी, झोपेतही. म्हणून उकडतं, म्हणून नाडी पळते, म्हणून आतडीही घाई करतात. आणि फक्त चरबी जळत नाही, स्नायूही जातात. मांड्या आणि खांदे आधी. टेबल धरून उठत होते ते यामुळे. वयाचा काही संबंध नव्हता.

रक्ताच्या तपासण्या नव्हत्या तेव्हा हा आजार कसा ओळखायचे, हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली. माणसाला उपाशीपोटी, शांत पडून राहायला लावायचं आणि तो श्वासातून किती ऑक्सिजन वापरतो ते मोजायचं. अॅडॉल्फ मॅग्नस-लेव्ही नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1895 मध्ये दाखवून दिलं की अशा रुग्णांचं शरीर पडल्या पडल्याही इतरांपेक्षा जास्त इंधन खातं. म्हणजे त्यांनी तेच केलं जे मी ड्रेसवर केलं. माप घेतलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. केस गळतात म्हणून मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होते. डॉक्टर बाईंनी पहिला रिपोर्ट बघून विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" आणि गोळ्या बंद करून काही दिवसांनी सगळं पुन्हा करायला लावलं. बायोटिनचा डोस मोठा असेल तर थायरॉइडच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, आणि गंमत म्हणजे अगदी माझ्या आजारासारख्याच चुकीच्या. टीएसएच खोटंच कमी, टी-फोर खोटंच जास्त. माझं दुसऱ्यांदाही तेच आलं, म्हणून खरं. पण गोळ्या नुसत्या केसांच्या आहेत म्हणून सांगायच्या राहू देऊ नका.

औषध सुरू झालं, कार्बिमाझोल, आणि पहिले काही आठवडे थरथर आणि धडधड आवरायला प्रोप्रॅनोलॉल. गोळी सुरू केली की उद्या बरं, असं यात नसतं. गोळी नवं हार्मोन बनू देत नाही, पण ग्रंथीत आधीचा साठा असतो, तो संपेपर्यंत थांबावं लागतं. मला जवळपास पाच आठवडे लागले. एक ताकीद त्यांनी तीनदा दिली आणि कागदावर लिहूनही दिली. घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. क्वचित का होईना, या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. तो कागद मी मशीनच्या वरच्या भिंतीला टाचणीने लावला होता, अजून आहे.

दोरा पहिल्या फटक्यात ओवला गेला तो दिवस मी वहीत लिहून ठेवलाय. मापांच्या वहीत, माझं पहिलं पान. नाव, तारीख, कंबर 29.

मग सवयच लागली. गिऱ्हाईक आलं की नवं माप लिहिण्याआधी मागचं बघायचं. आधी मी मागचं माप फक्त "यांना सैल आवडतं की घट्ट" यासाठी बघायची.

अशीच एक बाई तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. दोन पँटी शिवायच्या होत्या. मागचं माप पाच महिन्यांपूर्वीचं. उंची एक इंच वाढलेली, ते ठीक, वयच ते. पण कंबर 30 वरून 27. "उंच होतोय ना, म्हणून सुटसुटीत झालाय," आई म्हणाली. "खातो मात्र राक्षसासारखा." मुलगा तेवढ्या वेळात पाण्याची आख्खी बाटली संपवून "काकू, आणखी पाणी आहे?" विचारत होता. मी टेप गळ्यात टाकून आईला बाजूला घेतलं आणि विचारलं, रात्री लघवीला उठतो का? तीन-चार वेळा, म्हणाली, पाणी किती पितो बघा ना.

मी डॉक्टर नाही. घाबरवायचाही हेतू नव्हता. पण म्हटलं, पँटी राहू देत, आज संध्याकाळच्या आत याची साखर तपासा. उद्या नको, आज.

साखर चारशेच्या पुढे निघाली. टाइप वन डायबिटीस. त्याच दिवशी दाखल केलं.

इथे खाल्लेलं जळत नसतं, वाहून जात असतं. इन्सुलिन नसेल तर साखर पेशींच्या आत शिरत नाही, रक्तातच फिरत राहते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत, लघवीतून सोडून देतात आणि सोबत पाणीही ओढून नेतात. म्हणून ती तहान. दिवसाला 100 ग्रॅम साखर अशी गेली तर 400 कॅलरी गेल्या, आणि तिकडे पेशी उपाशी म्हणून भूक खवळलेली. दुसऱ्या शतकातला अरिटियस नावाचा वैद्य या आजाराबद्दल लिहून गेलाय की मांस आणि अवयव वितळून लघवीत जातात. त्याच्याकडे ना तपासणी होती ना औषध, पण पाहिलं किती नीट. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते 1922 च्या जानेवारीत. त्याआधी अशा मुलांच्या आयांनी काय पाहिलं असेल, हा विचार मी फार वेळ करत नाही.

आज-उद्याचा फरक का, तेही त्या आईनेच नंतर मला सांगितलं. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी भराभर मोडतं, त्यातून रक्तात आम्ल साचतं. उलट्या, पोटदुखी, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, खोल खोल श्वास. तिथवर गेलं की मग तास मोजायचे असतात. आणि हा प्रकार मुलांनाच होतो असं नाही, तिशी-चाळिशीतही होतो.

पँटी नंतर शिवल्या. दोन महिन्यांनी उसवून सैल करून द्याव्या लागल्या, कंबर परत 29.

नणंदेचं सांगायचं राहिलंच. मला काडी म्हणणारी तीच. तिची कंबर उतरली नव्हती, उलट संध्याकाळी पोट फुगून बटण लागायचं नाही, पण दंड आणि मांड्या सुकत होत्या. जेवण व्यवस्थित. पोट कायम बिघडलेलं, आणि लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही हिमोग्लोबिन हलत नव्हतं. सीलिॲक निघालं. गव्हात, बार्लीत असणाऱ्या ग्लुटेनमुळे आतड्याचं आतलं अस्तरच झिजतं, मग खाल्लेलं शोषलं जात नाही, पुढे सरकतं. तिने इंटरनेटवर वाचून तपासणीआधीच गहू सोडायचा घाट घातला होता. तिला डॉक्टरांनी थांबवलं, कारण गहू सोडला की तपासणी खोटी चांगली येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य. या पथ्यामागे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके होते. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भाकरीपावाचा दुष्काळ पडला, आणि गहू वाईट हा त्यांचा आधीपासूनचा संशय त्या काळात आणखी पक्का झाला.

"मी नीट जेवतो" हे वाक्यही कधीकधी मापून घ्यावं लागतं, हे मला एका आजोबांमुळे कळलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे राहतात. पँटी दाबायला घेऊन आले, एकदम सहा. कंबर 36 वरून 33. "जेवण एकदम फर्स्ट क्लास," म्हणाले. त्यांच्या डॉक्टरांनी आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढायला सांगितलं, तर पाच दिवस संध्याकाळच्या रकान्यात काहीच नाही. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते जेवतात. कवळीही सैल झाली होती, चावायचं टाळत होते. म्हातारपणी थायरॉइड उधळला तरी थरथर, घाम असं काही न दिसता माणूस नुसता गप्प आणि बारीक होत जातो, म्हणून तेही तपासलं. साखर, रक्त, छातीचा फोटो, शौचाची तपासणी, पोटाची सोनोग्राफी. काही नाही.

मला वाटलं होतं, कारण सापडेपर्यंत शोधतच राहतील. पण पहिल्या नीट तपासण्यांत काही निघालं नाही तर घाईने आणखी शंभर न करता थोडे महिने लक्ष ठेवायचं, वजन बघत राहायचं, ही सुद्धा रीतच आहे म्हणे. अशांपैकी बऱ्याच जणांत कारण शेवटपर्यंत सापडत नाही. कवळी नवी केली, संध्याकाळी खाण्याचा गजर लावून दिला.

माझं म्हणाल तर औषधाला सव्वा वर्ष झालं. वजन 63, म्हणजे आधीपेक्षा दोनने जास्त, कारण आग विझली तरी दुप्पट खायची सवय काही विझली नव्हती. तिन्ही टिपा उसवल्या. तो ड्रेस आता दंडात दाटतो.

आजोबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात. वजन काट्यावर करतातच, पण काट्यावर त्यांचा विश्वास नाही, टेपवर आहे. सहापैकी दोनच पँटी मी दाबल्या, बाकीच्या म्हटलं थांबू या. मागच्या महिन्यात 33. या महिन्यात 33.